वृक्षांचा सहवास आणि पावसाचा हिशेब

चातुर्मासाचे दिवस जवळ आले की तीर्थक्षेत्रांच्या परिसरात, विद्यार्थी वसतिगृहांच्या आवारात आणि गावाबाहेरच्या माळावर वृक्षारोपणाचे कार्यक्रम सुरू होतात. मुनिसंघाच्या आगमनानिमित्त, एखाद्या विधानाच्या सांगतेनिमित्त किंवा दिवंगत माता-पित्यांच्या स्मरणार्थ शेकडो रोपे लावली जातात. दात्यांच्या नावांचे फलक उभे राहतात. तीन उन्हाळे उलटल्यावर त्याच डोंगराकडे पाहिले, तर काही ठिकाणी सावली धरलेली दिसते आणि काही ठिकाणी फलकच तेवढे उरलेले असतात. पाणी, राखण, गुरांपासून संरक्षण ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. एक प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. या डोंगराच्या हवामानात झाडांच्या किती जाती एकत्र लावाव्यात, आणि त्या कोणत्या? रोपवाटिकेत जे मुबलक असेल ते उचलले जाते. बहुधा ते गिरिपुष्प, सुबाभूळ किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ असते.

हा प्रश्न वनस्पतिशास्त्रज्ञांना दीर्घकाळ पडलेला आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत त्याचे जे उत्तर हळूहळू स्पष्ट होत आले, ते डोंगर हिरवा करू पाहणाऱ्या प्रत्येक विश्वस्त मंडळाच्या उपयोगाचे आहे.

जमिनीच्या एका तुकड्यात एकाच प्रकारचे गवत पेरले आणि शेजारच्या तुकड्यात अनेक भिन्न वंशांतील गवते पेरली, तर दुसऱ्या तुकड्यात रोपेही अधिक येतात आणि वाळलेल्या गवताचे वजनही अधिक भरते, असे चार्ल्स डार्विनने १८५९ साली आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात नमूद केले होते. या विधानामागे इंग्लंडमधील वोबर्न ॲबी येथे जॉर्ज सिंक्लेअर या उद्यानपालाने केलेले प्रयोग होते. नंतर शतकाहून अधिक काळ या निरीक्षणाकडे फारसे कोणी वळले नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सीडर क्रीक येथे डेव्हिड टिल्मन गवताळ रानाचा अभ्यास करीत होते, तेव्हा १९८८ साली तेथे तीव्र दुष्काळ पडला. ज्या तुकड्यांत जाती अधिक होत्या त्यांची हानी कमी झाली आणि ते लवकर सावरले. त्या तुकड्यांतील जातींची संख्या खतांच्या कमी-अधिक मात्रेमुळे बदललेली होती, म्हणून या निष्कर्षावर आक्षेप घेतले गेले. टिल्मन यांनी ते आक्षेप मनावर घेऊन १९९४ साली १६८ तुकड्यांत १, २, ४, ८ किंवा १६ जाती जाणीवपूर्वक पेरल्या आणि वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या. काही वर्षांत १६ जातींच्या तुकड्यांतील जैवभार एकजातीय तुकड्यांच्या अडीच पटींहून अधिक झाला.

गवतावर हे दाखविणे तुलनेने सोपे असते. वनाचे आयुष्य माणसापेक्षा मोठे. तरीही २०१६ साली ४४ देशांतील ७ लाख ७७ हजारांहून अधिक वनखंडांच्या नोंदी एकत्र करून एक विशाल अभ्यास प्रसिद्ध झाला. वृक्षांच्या जाती जितक्या अधिक, तितकी वनाची उत्पादकता सर्वसाधारणपणे अधिक, असे त्यात दिसून आले. जातींमध्ये १० टक्के घट झाली, तर उत्पादकता सरासरी ३ टक्क्यांनी उतरते. घट जसजशी वाढत जाते, तसतशी हानीची गतीही वाढते.

येथे ‘उत्पादकता’ या शब्दाचा खुलासा करणे आवश्यक आहे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांमध्ये वनकर्म आणि अंगारकर्म, म्हणजे वृक्ष तोडून विकण्याचा आणि कोळसा पाडण्याचा व्यवसाय, यांची गणना होते. त्यामुळे वनाची उत्पादकता म्हटले की काही वाचकांच्या मनात लाकडाचा बाजार उभा राहील. शास्त्रज्ञांना अभिप्रेत असलेला अर्थ निराळा आहे. सूर्यप्रकाश, जल आणि हवेतील कर्बवायू घेऊन वनाने एका वर्षात जे नवे काष्ठ, पाने व मुळे घडविली, त्याचे वजन म्हणजे उत्पादकता. कोणी कुऱ्हाड लावो वा न लावो, वन जिवंत आणि सशक्त असल्याचे ते एक माप आहे. सावली, पालापाचोळ्याने होणारी माती, जमिनीत मुरणारे पाणी आणि आश्रयाला येणारे पक्षी, सगळे त्याच्याशी जोडलेले असते.

अनेक जाती एकत्र असल्या की लाभ का होतो, याची कारणे दोन. एक असे की अनेक जाती लावल्या तर त्यांत एखादी अतिशय जोमदार जात असण्याचा संभव वाढतो आणि तीच सारे वजन ओढून नेते. हा एका अर्थी निवडीचा योग. दुसरे कारण अधिक अर्थपूर्ण आहे. भिन्न जातींच्या गरजा भिन्न असतात. एकीची मुळे वरच्या वीतभर मातीत पसरतात, दुसरीची खडकाच्या भेगांतून खोल उतरतात. एकीला प्रखर ऊन मानवते, दुसरी तिच्या सावलीत सुखाने वाढते. शिरीष, खैर, पळस यांसारख्या वृक्षांच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्मजीव हवेतील नत्र बांधतात. गळलेल्या पानांतून ते शेजाऱ्यालाही मिळते. काही खोल मुळांचे वृक्ष रात्री खालचे पाणी वर ओढतात आणि त्यातील थोडे वरच्या कोरड्या मातीत झिरपते. या दोन कारणांचे वाटे वेगवेगळे मोजण्याची गणिती रीत मिशेल लोरो आणि अँडी हेक्टर यांनी २००१ साली दिली.

हे वाचताना जैन वाचकास तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायातील, जीवांच्या परस्पर उपकाराचे सूत्र आठवल्याशिवाय राहणार नाही. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वेळी स्वीकारलेल्या जैन प्रतीकाच्या तळाशी तेच सूत्र अंकित आहे. परंतु विज्ञानाने ते सूत्र ‘सिद्ध केले’ असे म्हणण्याची घाई बरी नव्हे. सूत्र जीवद्रव्याच्या स्वरूपाविषयी आहे, वनशास्त्र काष्ठाच्या वजनाविषयी. शिवाय वनशास्त्राचा पुढचा निष्कर्ष असा आहे की वृक्षांमधील हा उपकार सर्वत्र सारख्या प्रमाणात दिसत नाही. त्याचे माप हवामान ठरविते.

यासंबंधीचा एक फार बोलका अभ्यास युरोपात झाला. टोमासो जुकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१६ साली प्रसिद्ध केला. फिनलंड, पोलंड, जर्मनी, रुमानिया, इटली आणि स्पेन अशा सहा देशांत प्रत्येकी एक वनक्षेत्र निवडले होते. फिनलंडचे वन अतिशय थंड, उन्हाळा तोकडा. स्पेनमधील आल्तो ताखोचे पठार कोरडे आणि खडकाळ. मधल्या देशांत वाढीला पोषक हवा व पाऊस. प्रत्येक ठिकाणी एक, दोन, तीन किंवा अधिक जाती असलेले वनखंड शोधण्यात आले. वृक्षाच्या बुंध्यात बारीक पोकळ गिरमिट फिरवून पेन्सिलीएवढी काडी बाहेर काढली की तिच्यावर वर्षावर्षाची वलये दिसतात. चांगल्या वर्षाचे वलय रुंद, हलाखीच्या वर्षाचे अरुंद. या वलयांवरून १९९७ ते २०११ या १५ वर्षांत प्रत्येक वनखंडाने दरवर्षी किती नवे काष्ठ घडविले, याचा हिशेब मांडला गेला.

निष्कर्ष असा निघाला की जेथे हवामान कठोर होते, म्हणजे उत्तरेच्या थंडीत आणि दक्षिणेच्या कोरड्या उन्हात, तेथे मिश्रवनाला एकजातीय वनापेक्षा स्पष्ट आणि मोठा लाभ झाला. हवामान जसजसे अनुकूल होत गेले तसतसा हा लाभ ओसरला. जेथे वृक्षवाढीस सर्वांत पोषक परिस्थिती होती, तेथे तर मिश्रणाने उत्पादकता किंचित घटल्याचेच आढळले.

याचे स्पष्टीकरण घरातल्या फराळाच्या डब्यावरून देता येईल. डबा एकाच आकाराच्या लाडवांनी भरला तर मध्ये पोकळ्या राहतात. त्यांत शेव-चिवडा ओतला की त्या भरून निघतात. कठोर हवामानात वृक्ष विरळ उभे असतात, त्यांच्या माथ्यांमध्ये मोकळी जागा असते. तेथे निराळ्या आकाराची, निराळ्या उंचीची, निराळ्या मुळांची जात आली की ती रिकामी जागा उपयोगात येते आणि एकूण वन अधिक भरदार होते. पोषक हवामानात मात्र डबा आधीच गच्च भरलेला असतो. सर्वांची धडपड एकाच प्रकाशासाठी चालते, आणि जी जात उंच व वेगवान ती इतरांना मागे टाकते. तेथे एका मंद वाढणाऱ्या जातीची भर घातली तर सरासरी खालीच येणार.

याच अभ्यासातील एक बारकावा विसरता कामा नये. एकाच ठिकाणी एखादे वर्ष कोरडे गेले म्हणून त्या वर्षी मिश्रणाचा लाभ नेमाने वाढला, असे आढळले नाही. म्हणजे एका दुष्काळाने हे नाते बदलत नाही. शतकानुशतकांच्या हवामानाने वनाची जी ठेवण घडविली असते, तिच्यात ते रुजलेले असते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १२ हजारांहून अधिक वनखंडांवर अलेन पाकेत आणि ख्रिश्चन मेसिए यांनी केलेला अभ्यासही (२०११) याच दिशेने बोट दाखवितो: उत्तरेच्या खडतर वनांत जातींच्या परस्परपूरकतेचे महत्त्व अधिक, दक्षिणेच्या सौम्य हवेत स्पर्धेचे वर्चस्व अधिक. प्रतिकूल परिस्थितीत वनस्पतींचे साहाय्य वाढते आणि अनुकूल परिस्थितीत स्पर्धा वाढते, असे अनुमान मार्क बर्टनेस आणि रॅगन कॅलावे यांनी १९९४ सालीच मांडले होते. माणसांच्या बाबतीतही आजीबाई हेच सांगत आल्या आहेत, पण झाडांच्या बाबतीत ते मोजून दाखवावे लागले.

या चित्रात न बसणारा एक प्रयोगही आहे. चीनच्या जियांग्शी प्रांतात, भरपूर पावसाच्या उष्ण प्रदेशात, २००९ पासून उघड्या डोंगरउतारांवर नियोजनपूर्वक मिश्र आणि एकजातीय वने लावण्यात आली. आठ वर्षांनी पाहिले तेव्हा १६ जातींच्या वनखंडांनी एकजातीय वनखंडांच्या सरासरीपेक्षा दुपटीहून अधिक कर्ब साठविला होता. पाऊस विपुल असूनही लाभ एवढा मोठा! पण तेथील वन कोवळे होते, जागा मोकळी होती आणि ज्या दोन व्यापारी जाती सर्वाधिक जोमाने वाढतात, त्यांच्या एकजातीय लागवडीने मिश्रवनाची बरोबरी साधली होती. हवामान हा मोठा घटक असला तरी वनाचे वय आणि निवडलेल्या जाती यांचाही वाटा असतो, एवढे यातून समजते.

अनुकूल हवामानात एकाच जातीचे प्राबल्य कसे असते, हे पाहण्यासाठी युरोपला जाण्याची गरज नाही. झारखंडातील पारसनाथ पर्वतावर श्री सम्मेदशिखरजीची वंदना करणाऱ्या यात्रेकरूंनी शाल वृक्षांचे रान पाहिलेले असते. भगवान महावीरांना ऋजुवालिका नदीच्या तीरी केवलज्ञान झाले, ते शालवृक्षाखालीच. पूर्व भारतात जेथे वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि खोल माती असते, तेथे शाल मैलोन्‌मैल आपले राज्य पसरतो. वणव्यात होरपळूनही बुंध्यापासून पुन्हा फुटण्याची त्याची शक्ती आणि इंग्रजी अमदानीतील वनखात्याने त्याला दिलेले झुकते माप, ही कारणेही त्यामागे आहेतच. तरीही शालवन हे काही निकृष्ट वन नव्हे. म्हणून ‘जितक्या जाती अधिक तितके उत्तम’ हा सरसकट नियम करणे चूक ठरेल. त्याचबरोबर हेही ध्यानात घ्यावे की आपल्या परंपरेने चोवीस तीर्थंकरांच्या केवलज्ञानाशी वट, सप्तपर्ण, शाल असे अनेक वृक्ष जोडले आहेत, एकच नव्हे.

भारतातील वनांविषयी अधिक जवळचा पुरावा २०२० साली पुढे आला. आनंद ओसुरी आणि सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातील नैसर्गिक, बहुजातीय वनांची तुलना साग व निलगिरीच्या लागवडींशी केली. उपग्रहांच्या नोंदींवरून ऋतुमानाप्रमाणे कर्ब शोषण्याचे प्रमाण काढले. पावसाळ्यात या लागवडी नैसर्गिक वनांच्या बरोबरीने, किंबहुना किंचित पुढे होत्या. कोरड्या ऋतूत मात्र त्या चांगल्याच मागे पडल्या, आणि दुष्काळी वर्षांतही नैसर्गिक वनांचे काम अधिक स्थिर राहिले. पावसाळ्यात रोपे लावून, पावसाळ्यातच छायाचित्रे काढणाऱ्यांनी या निष्कर्षावर थोडे थांबावे.

महाराष्ट्रात तर एकाच जिल्ह्यात दोन हवामाने नांदतात. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला गगनबावड्यात वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. पूर्वेला, जेथे जैन समाजाची मोठी वस्ती आहे त्या शिरोळच्या बाजूला, तो ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरचे, पाऊस दहापट कमी. गगनबावड्याच्या उतारावर वन राखले तरी पुरे. पक्षी आणि वटवाघळे बी आणून टाकतात. पूर्वेकडील उथळ मुरमाड टेकड्यांवर, किंवा बालाघाटच्या रांगेतील कुंथलगिरीसारख्या कोरड्या सिद्धक्षेत्री, स्थिती निराळी असते. युरोपातील आकडे येथे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत, कारण येथील कोरडेपणा चार महिन्यांचा पाऊस आणि आठ महिन्यांची ओढ असा आहे. पण त्यामागील तर्क येथेही टिकतो: पाणी जितके दुर्मीळ, तितकी ते वेगवेगळ्या खोलीवरून आणि वेगवेगळ्या वेळी घेणाऱ्या जातींची सोबत मोलाची.

दख्खनच्या मूळ रानाने हा संसार मांडूनच ठेवला आहे. अंजन खडकाच्या भेगांतून मुळे खोल घालतो. सालई, पांगारा, काटेसावर कोरड्या ऋतूत पाने टाकून खोडात ओल राखतात. खैर नत्र बांधतो, धावडा उघड्या उतारावर माती धरतो, नाल्याच्या काठी अर्जुन आणि करंज उभे राहतात, आणि बोर, बेल, टेंभुर्णी यांची फळे पाखरांना बोलावतात. या साऱ्यांऐवजी एकटे गिरिपुष्प लावले, तर पहिली दोन वर्षे डोंगर झपाट्याने हिरवा दिसतो. परंतु सर्व झाडे एकाच थरातले पाणी एकाच वेळी मागू लागतात आणि एकाच वेळी पाने गाळतात.

याच संदर्भात सध्या गाजत असलेल्या मियावाकी पद्धतीविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. जपानचे अकिरा मियावाकी यांनी रूढ केलेल्या या पद्धतीत एका चौरस मीटरला तीन-चार रोपे लावतात. जातींचे वैविध्य हा तिचा गुण निर्विवाद आहे. पण ती घडली पावसाळी जपानमध्ये. ५०० मिलिमीटरच्या टेकडीवर निसर्ग स्वतःच झाडे लांब लांब उभी करतो, कारण प्रत्येकाला मुळे पसरण्यास जागा हवी असते. तेथे टँकरच्या पाण्यावर दाटी वाढविली तर टँकर थांबताच चढाओढ सुरू होते. कोरड्या भूमीत जाती अनेक असाव्यात आणि रोपे विरळ, असाच वरील साऱ्या अभ्यासाचा रोख आहे. तसेच प्रत्येक माळरान म्हणजे उजाड जागा असे समजू नये. पवन्या, कुसळी आणि मारवेल यांची गवताळ राने हीही दख्खनची जुनी, जिवंत संपदा आहे. तेथे खड्डे न खणणे हीच जीवदया. युरोपीय संशोधकांच्या याच वनजाळ्यात दुष्काळाच्या ताणाची तपासणी झाली, तेव्हाही काही वनांत मिश्रणाने ताण हलका झाला आणि काहींत काहीच फरक पडला नाही. स्थळ पाहूनच निर्णय घ्यावा लागतो.

व्यवहारात अडचण येते ती रोपांची. शासकीय व खाजगी रोपवाटिकांत मागणी असते तेच तयार होते. ऐन आषाढात अंजनाची दोनशे रोपे मागितली तर ती मिळणार नाहीत. म्हणून क्षेत्राच्या परिसरातच लहानशी रोपवाटिका करणे श्रेयस्कर. तिला पाण्याची एक टाकी, सावलीची जाळी आणि एक आस्थेवाईक माणूस पुरतो. बी जवळच्या रानातलेच घ्यावे. षड्लेश्येच्या दृष्टान्तातील सहावा वाटसरू जांभळाच्या झाडाखाली पडलेली फळेच उचलतो, त्याप्रमाणे गळून पडलेल्या शेंगा वेचल्या तरी बी भरपूर होते. खैराच्या शेंगा हिवाळ्यात पक्व होतात, अंजनाच्या एप्रिल-मे महिन्यांत, पळसाच्या त्यानंतर लगेच. धावड्याचे मात्र जपून करावे लागते. त्याच्या बियांपैकी फारच थोड्या उगवतात, त्यामुळे शंभर रोपे हवी असतील तर बी मोजून नव्हे, ओंजळीने पेरावे लागते. ते फाल्गुनाच्या सुमारास गोळा होते आणि रोप लावणीयोग्य होण्यास वर्ष तरी लागते. चातुर्मासात टेकडीवर धावडा लावायचा असेल, तर लावणीच्या किमान वर्षभर आधीच्या फाल्गुनातच बी पिशव्यांत पडले पाहिजे.